एका हातानं टायपिंग शिकताय? कीबोर्ड विकत घ्यायच्या आधी हे वाचा

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात, बोलणं बऱ्यापैकी पूर्वीसारखं झालंय, पण उजवा हात अजून साथ देत नाही. बँकेत होते, त्यामुळे गावच्या जमिनीचे अर्ज, मुलाला मेल, भावकीतल्या ग्रुपवर मराठीत लांबलचक मेसेज, सगळं कॉम्प्युटरवरच चालायचं. सहा आठवड्यांपूर्वी वर आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं, "अगं, तो एका हाताचा कीबोर्ड मिळतो ना, त्यातला कुठला घेऊ?" मी म्हटलं, काका, अजून काहीच घेऊ नका, आधी तीन-चार आठवडे घरात आहे त्याच कीबोर्डवर बसू.

त्यांना जे जे सांगितलं, करून दाखवलं, ते सगळं इथं लिहून काढतेय. माझा स्वतःचा उजवा हात २०१७ साली स्कूटरच्या अपघातात गेला. हात आहे, पण खांद्यातून येणाऱ्या नसा तुटल्या, त्याला ब्रेकियल प्लेक्सस इंज्युरी म्हणतात, बोटं हलत नाहीत. त्याआधी मी टायपिंगच्या इन्स्टिट्यूटला जाऊन मराठी ३० आणि इंग्रजी ४०, म्हणजे मिनिटाला तेवढे शब्द, दोन्ही पास झालेली, पोटापाण्याला भाषांतराचं काम, म्हणजे दिवसभर टायपिंगच. डाव्या हातावर सगळं नव्यानं बसवायला मला दीड वर्ष लागलं, आणि त्यातले पहिले आठ महिने मी चुकीच्या गोष्टीच्या मागे होते, स्पीडच्या. त्या नादात डावं मनगट इतकं दुखायला लागलं की भाजी चिरता येईना आणि केसही विंचरता येईनात. म्हणून सुरुवातीलाच सांगते, आपल्याकडे हात एकच उरलाय, जेवायला, आंघोळीला, दार उघडायला सगळ्याला तोच, त्यामुळे ज्या पद्धतीनं तो दमतो ती पद्धत कितीही फास्ट असली तरी आपल्या कामाची नाही.

आधी बसायचं नीट

हे सगळे सोडून देतात आणि इथंच घोळ होतो. दोन हातांनी टाइप करणारा माणूस कीबोर्ड बरोबर समोर ठेवतो, दोन्ही हात दोन बाजूंनी आत येतात. आपला एकच हात एका बाजूनं येतो. कीबोर्ड सरळ ठेवला तर मनगट करंगळीच्या दिशेला वाकतं आणि तासन्‌तास तसंच राहतं, माझं मनगट त्यानंच गेलं होतं.

तर असं करा. डावा हात चालत असेल तर कीबोर्ड थोडा डावीकडे सरकवा, एवढा की मधली अक्षरं तुमच्या डाव्या खांद्यासमोर किंवा जरा आत येतील. मग तो किंचित फिरवा, डावं टोक तुमच्यापासून लांब, उजवं टोक जवळ. उजवा हात चालत असेल तर बरोबर उलटं. किती फिरवायचा ते असं बघायचं, डोळे मिटून हात टेबलावर सहज ठेवा, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक सरळ रेष दिसली पाहिजे, आणि बटणांच्या ओळी त्या रेषेला आडव्या यायला हव्यात. काकांचा कीबोर्ड फिरवल्यावर त्यांची बायको म्हणाली, वाकडा दिसतोय हो. दिसू दे.

कीबोर्डच्या मागचे ते दोन छोटे पाय असतात ना, उभे करायचे, ते बंद करून टाका, त्यांनी मनगट मागे वाकतं. एका हातानं टाइप करताना कीबोर्ड सरकतो कारण दुसरा हात धरायला नाही, तर किचनच्या ड्रॉवरमध्ये घालायची जाळीदार रबरी मॅट मिळते भांड्यांच्या दुकानात, तिचा तुकडा कापून खाली घाला. आणि जो हात चालत नाही त्याला लोंबकळत ठेवू नका, मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवा, नाहीतर त्या वजनानं खांदा ओढला जातो आणि अख्खी पाठ एका बाजूला कलते. पॅरालिसिस झालेल्यांमध्ये तर खांदा सांध्यातून खाली सरकायची भीती असते, तिथं फिजिओथेरपिस्टनं सांगितलेलंच ऐकायचं. मुंबईच्या आसपास असाल तर हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशनची संस्था आहे, तिथं ऑक्युपेशनल थेरपी विभाग आहे, हात बघून बसायची पद्धत ठरवून देणं हे त्यांचं कामच आहे.

माऊसचं विसरू नका. कीबोर्ड आणि माऊस दोन्ही एकाच हाताला, म्हणजे हात दिवसातून शेकडो वेळा इकडून तिकडे जाणार. डावा हात असेल तर माऊस डावीकडे, कीबोर्डला चिकटून, आणि सेटिंगमध्ये जाऊन बटणांची अदलाबदल करून घ्या. मी ट्रॅकबॉल वापरते, तो जागेवरच राहतो, फक्त गोळा फिरतो, त्यामुळे हात उचलून ओढायला लागत नाही. माझ्या मते पहिला खर्च करायचा तर कीबोर्डच्या आधी यावर करा.

स्टिकी कीज चालू करा, आजच

कंट्रोल आणि पी एकदम दाबायचं, किंवा शिफ्ट धरून अक्षर मारायचं, हे एका हातानं करताना बोटं ताणून ताणून लोक हात खराब करून घेतात. विंडोजमध्ये स्टिकी कीज नावाची सोय आहे. शिफ्ट सलग पाच वेळा दाबलं की चालू करू का म्हणून विचारतं, नाहीतर सेटिंग्समध्ये अॅक्सेसिबिलिटी, तिथं कीबोर्ड. मॅकवर पण अॅक्सेसिबिलिटीमध्येच आहे. एकदा चालू केलं की शिफ्ट दाबून सोडायचं, मग अक्षर दाबायचं, तरी ते एकत्र धरल्यासारखंच चालतं. कंट्रोल, ऑल्ट, विंडोजचं बटण, सगळ्यांना हेच.

यात दोन गोष्टी तपासा. शिफ्ट दोनदा दाबलं की लॉक व्हावं हा पर्याय चालू ठेवा, त्याचा मराठीत काय फायदा होतो ते पुढं येईल. आणि दोन बटणं एकदम दाबली गेली की स्टिकी कीज बंद व्हावं असा एक पर्याय असतो, तो बंद करा, कारण सुरुवातीला आपल्याकडून चुकून दोन बटणं दाबली जातातच आणि मग मधेच सगळं बंद पडलं की नवीन माणूस गोंधळून जातो, आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. लॉगिनच्या स्क्रीनवर पासवर्डमध्ये कॅपिटल अक्षर असेल तर तिथंही खाली उजवीकडे अॅक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, तिथून चालू होतं.

साध्या कीबोर्डवर हात कुठं ठेवायचा

दोन हातांच्या टायपिंगमध्ये डावा हात ए एस डी एफ वर आणि उजवा जे के एल वर असतो. एका हाताला ते चालत नाही, अर्धा कीबोर्ड फार लांब पडतो. म्हणून हात मधोमध आणायचा, एफ, जी, एच, जे या चार बटणांवर. डाव्या हाताची करंगळी एफ वर, तिच्या शेजारचं बोट जी वर, मधलं एच वर, तर्जनी जे वर, अंगठा स्पेसबारवर. उजवा हात असेल तर तर्जनी एफ वर आणि करंगळी जे वर.

आता एक छान गोष्ट बघा. एफ आणि जे वर छोटी उठावदार रेघ असते, हाताला लागते, ती दोन हातांच्या तर्जनींसाठी केलेली आहे, पण आपल्या एका हाताच्या दोन्ही टोकांच्या बोटांखाली बरोबर त्याच दोन रेघा येतात. म्हणजे न बघता हात जागेवर आलाय का ते दोन्हीकडून कळतं. मला हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी खूप धीर आला होता.

यापुढचा नियम एकच, लांबच्या बटणाकडे बोट ताणायचं नाही, हात न्यायचा. क्यू किंवा पी मारायचा असेल तर कोपरापासून अख्खा हात सरकवा, बटण मारा, परत एफ आणि जे च्या रेघा शोधा. पहिले दोन आठवडे हे फार हळू वाटतं, पण करंगळी ताणून ए मारायची सवय लागली की ती मोडायला महिने जातात. आणि मनगट टेबलावर टेकवून ठेवू नका टाइप करताना, टेकवलं की हात सरकत नाही आणि परत बोटंच ताणली जातात. थांबलात की टेकवा.

पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं संध्याकाळी, बास. मधल्या चार बटणांपासून सुरू करा, मग वरची ओळ, मग खालची. ऑनलाइन टायपिंग क्लब नावाची साइट आहे, तिथं फक्त डाव्या हातासाठी आणि फक्त उजव्या हातासाठी असे इंग्रजीचे वेगळे कोर्स आहेत. वेळ लावू नका, चुका मोजा. शंभर अक्षरांत पाचापेक्षा जास्त चुका होत असतील तर हळू करा, एवढंच.

मराठीचं काय

हे मला सगळ्यात जास्त सविस्तर सांगायचंय कारण एका हाताच्या टायपिंगबद्दल जे काही सापडतं ते सगळं इंग्रजीचं असतं.

मराठीसाठी तीन रस्ते आहेत. एक, फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं आणि कॉम्प्युटर ते देवनागरी करतो. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक आत आलंय. सुरुवातीला सोपं, पण बटणं जास्त लागतात, आणि एका हाताला प्रत्येक जास्तीचं बटण भारी पडतं. दुसरा, जुना टाइपरायटरचा रेमिंग्टन. माझा हात त्याच्यावर बसलेला होता, पण त्यात शिफ्ट फार, मी सोडून दिला. तिसरा इनस्क्रिप्ट, सरकारनं १९८६ च्या सुमारास आणलेला, विंडोजमध्ये मराठी निवडलं की मिळतो तो. माझं मत सरळ आहे, रोज पानभर तरी मराठी लिहायचं असेल तर इनस्क्रिप्टच शिका. अधूनमधून दोन ओळींचं लिहिणाऱ्यांना फोनेटिक पुरेसं आहे.

इनस्क्रिप्टची रचना अशी आहे की स्वर आणि मात्रा डाव्या बाजूला, बहुतेक व्यंजनं उजव्या बाजूला, दोन हात आलटूनपालटून चालावेत म्हणून. एका हाताला त्यातला हा फायदा मिळत नाही, खरंय. पण एक बटण म्हणजे एक चिन्ह हा हिशोब कायम राहतो, आणि मधोमध हात ठेवला की रोजची बरीच चिन्हं जवळ येतात. उदाहरण म्हणून 'पुस्तक' हा शब्द घ्या. एच ला प, जी ला उकार, एम ला स, डी ला पाय मोडायचं चिन्ह, एल ला त, के ला क. पहिली दोन चिन्हं तर हात न हलवताच आली, पुढं एम आणि के तर्जनीला, डी ला करंगळी जरा डावीकडे, एल साठी हात थोडा उजवीकडे. सगळी मिळून सहा बटणं, आणि शिफ्ट एकदाही नाही. मी काकांकडून पहिले चार दिवस हा एकच शब्द करून घेतला, रोज पन्नास वेळा, कारण त्यात मधली जागा, खालची ओळ, डावीकडे जाणं, उजवीकडे जाणं आणि जोडाक्षर सगळं आहे.

मग शिफ्ट. 'पाणी' लिहायचं तर एच, ई, मग शिफ्ट आणि सी, मग आर. स्टिकी कीज चालू आहे म्हणून शिफ्ट एकदा दाबून सोडायचं आणि सी कडे यायचं, ण येतो. आणि शब्दाच्या सुरुवातीचे स्वर, आ, इ, ई, हे त्यांच्या त्यांच्या मात्रेच्या बटणावर शिफ्टसकट असतात, म्हणजे ई वर काना आहे तर शिफ्ट ई म्हणजे आ, आर वर दीर्घ वेलांटी तर शिफ्ट आर म्हणजे ई. आता 'आई' लिहून बघा. शिफ्ट दोनदा दाबून लॉक करा, ई, आर, परत एकदा शिफ्ट दाबून सोडवा. ई आणि आर शेजारी शेजारी आहेत, 'आई' अगदी गोड उमटतं. मी हा शब्द काकांना शेवटी दिला होता, त्यांनी टाइप केला आणि स्क्रीनकडे बघत बसले थोडा वेळ.

ज्यांना सवय नाही त्यांनी आपल्या बटणांवर देवनागरीचे स्टिकर लावून घ्या, मिळतात, तीन-चार आठवड्यांनी बघायची गरज कमी होते. मराठी-इंग्रजी बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस, तेही स्टिकी कीजमुळे एकामागून एक दाबता येतं.

आता वेगळा कीबोर्ड घ्यायचा का

एवढं सगळं महिनाभर केल्यावर हा प्रश्न. बऱ्याच जणांना गरज पडत नाही. ज्यांचं काम दिवसाला चार-पाच तास टायपिंगचं आहे, किंवा हात लहान आहे, किंवा बोटांत ताकद कमी आहे, त्यांना मात्र फरक पडतो.

आधी एक सावधगिरी. शॉपिंगच्या साइटवर एका हाताचा कीबोर्ड असं शोधलं की वर येतात ते गेमिंगचे अर्धे कीपॅड, लाइट लागणारे, तीस-पस्तीस बटणांचे, स्वस्त. मी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर पंधरा दिवसांत घाईनं तोच मागवला. उघडला तर त्यात उजव्या अर्ध्याची अक्षरंच नव्हती, वाय नाही, ओ नाही, एल नाही, आणि बटणं बदलायची सोयही नव्हती. विकणाऱ्यानं परत घेतला नाही. त्यावेळी पैशापेक्षा मनाला लागलं जास्त. तर वर्णनात बटणं प्रोग्रॅम करता येतात असं स्पष्ट लिहिलं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

खरे पर्याय कुठले ते सांगते. बरंच जुनं आणि खास एका हातासाठी कीबोर्ड घडवणारं नाव म्हणजे ब्रिटनचं माल्ट्रॉन, लिलियन माल्ट आणि स्टीफन हॉबडे यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेलं. त्यांचे एका हाताचे कीबोर्ड वाडग्यासारखे खोलगट असतात, डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा, बोटांच्या लांबीप्रमाणे बटणं वरखाली. हात जवळजवळ हलवायला लागत नाही. पण किंमत शेकडो पाउंडात, वर कस्टम ड्युटी आणि कुरिअर, आणि अक्षरांची मांडणी पूर्ण वेगळी त्यामुळे शून्यापासून शिकायचं.

पैसे न घालता फक्त मांडणी बदलायची असेल तर एका हाताचा ड्व्होराक. ऑगस्ट ड्व्होराकनं डाव्या हातासाठी एक आणि उजव्या हातासाठी एक अशा मांडण्या केल्या होत्या आणि त्या विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीत आजही आहेत, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन निवडायच्या. डाव्या हाताच्या मांडणीत त्याच मधल्या चार बटणांवर डी, टी, एच, ई येतात, इंग्रजीत सारखी लागणारी अक्षरं बोटाखाली. फक्त इंग्रजीत काम असेल तर खरंच विचार करा. पण मराठीला त्याचा काही उपयोग नाही, मराठी निवडलं की परत इनस्क्रिप्टच, म्हणजे डोक्यात दोन नकाशे ठेवायचे.

कॉर्डिंग म्हणून एक प्रकार असतो, थोडीच बटणं आणि दोन-तीन एकदम दाबून एक अक्षर, पेटीवर सूर धरतात तसं. डग्लस एंगलबार्टनं १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जो प्रसिद्ध डेमो दिला, ज्यात माऊस पहिल्यांदा लोकांसमोर आला, त्यात त्याच्या डाव्या हाताखाली असाच पाच बटणांचा संच होता. पाच बटणांच्या एकतीस जोड्या होतात, इंग्रजीची सव्वीस अक्षरं बसतात. हात अजिबात हलत नाही हा मोठा फायदा, ज्यांचा खांदा किंवा कोपर पण कमजोर आहे त्यांना हे योग्य. पण देवनागरीची चिन्हं एवढी की मराठीसाठी पाठांतर फार होतं, आणि एकदम दोन-तीन बोटं वेगवेगळी उचलता यायला हवीत. मी तीन आठवडे केलं आणि माझ्यासाठी नाही असं ठरवलं.

मी आज जे वापरते ते म्हणजे आरशाची पद्धत. कॅनडातल्या एडगर मटायस यांनी ही हाफ क्वर्टी नावानं आणली. कीबोर्डचा फक्त एक अर्धा वापरायचा, आणि दुसऱ्या अर्ध्यातलं अक्षर हवं असेल तर स्पेसबार धरून ठेवायचा, की हाताखालचं बटण त्याच्या आरशातल्या जोडीदाराचं अक्षर देतं. एफ चा जोडीदार जे, डी चा के, एस चा एल, टी चा वाय. स्पेस नुसता टिचकी मारून सोडला तर साधी मोकळी जागा. ज्यांना आधी दोन हातांनी न बघता टाइप करता येत होतं त्यांच्यासाठी ही पद्धत वरदान आहे, कारण गेलेल्या हाताचं जे बोट ते अक्षर मारायचं त्याच बोटाचा जोडीदार आता ते मारतो, आणि मेंदूला ते पटकन कळतं. मटायस आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली हे मोजून छापलंय, टायपिंग येणाऱ्या लोकांना दहा तासांच्या सरावानंतर त्यांच्या दोन हातांच्या स्पीडच्या ४१ ते ७३ टक्के स्पीड मिळाला, म्हणजे मिनिटाला साधारण २४ ते ४३ शब्द. ज्यांना आधी टायपिंग येतच नव्हतं त्यांना मात्र हा फायदा नाही, त्यांनी मधोमध हात ठेवायची पद्धतच धरा.

हे करायला दोन भागांत तुटणारा स्प्लिट कीबोर्ड घ्यायचा, ज्यात क्यूएमके नावाचं फुकट आणि खुलं फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर, चालतं, आणि त्याचा यूएसबी जोडलेला एकच भाग वापरायचा. क्यूएमकेमध्ये स्वॅप हँड्स नावाची सोय आहे, ती हेच आरशाचं काम करते. शिवाय शिफ्ट एकदा टॅप करून पुढच्या अक्षराला लागू करणं, आकड्यांसाठी वेगळा थर म्हणजे त्याच बटणांवर आकडे, बटणांनी माऊस हलवणं, सगळं कीबोर्डच्या आतच बसतं, त्यामुळे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करायची परवानगी मागायला लागत नाही. कॉर्ने नावाचा खुल्या डिझाइनचा कीबोर्ड आहे, त्याच्या एका भागात एकवीस बटणं. तो जोडून द्यायला सोल्डरिंग करता येणारा कोणी इंजिनीअर भाचा-पुतण्या असेल तर त्याला रविवारी जेवायला बोलवा.

आणि मराठीवाल्यांसाठी सर्वात महत्त्वाचं इथंच आहे. कीबोर्ड कॉम्प्युटरला फक्त अमुक जागेचं बटण दाबलं एवढंच कळवतो, अक्षर कुठलं ते विंडोज ठरवतं. त्यामुळे आरसा कीबोर्डच्या आत असला की इनस्क्रिप्टही आपोआप आरशातून चालतो, वेगळं काही करावं लागत नाही. फक्त एक अडचण, डाव्या अर्ध्यावर सगळ्या मात्रा आणि उजव्यावर बरीचशी व्यंजनं, म्हणजे डाव्या हातानं लिहिताना जवळपास प्रत्येक व्यंजनाला स्पेस धरावा लागतो आणि अंगठा दुखायला लागतो. मला हे तीन महिन्यांनी सुचलं की मराठी लिहिताना आरसा उलटा करून ठेवायचा. म्हणजे न धरता क, त, र, प, ग, स येतात आणि स्पेस धरला की मात्रा. म, न, व मात्र मूळचे डावीकडचे असल्यानं ते धरून मारावे लागतात, तेवढं चालतं. उलटा करायला एक बटण ठेवलंय, इंग्रजीला आले की परत सरळ. ज्यांचा उजवा हात चालतो त्यांना हे करायची गरजच नाही, त्यांच्या हाताखाली व्यंजनं आधीच आहेत.

कुठलाही घ्या, बटण हलकं बघा. चेरी कंपनीचा रेड स्विच, म्हणजे बटणाखालचा दबणारा भाग, साधारण ४५ ग्रॅमला दबतो, ब्लू ६० च्या आसपास, आवाज पण करतो. दिवसाला हजारो वेळा एकाच हातानं दाबायचंय, हे पंधरा ग्रॅम संध्याकाळी जाणवतात.

स्पीड, दुखणं आणि हाताला सुट्टी

इन्स्टिट्यूटच्या भाषेत बोलायचं तर आज माझं मराठी ३० निघतं, चांगल्या दिवशी ३४-३५, इंग्रजी ३० च्या पुढं जात नाही. यावर माझं घर चालतं. पण तुम्ही पहिले तीन महिने आकडा बघूच नका. वीस मिनिटं काम, मग पाच मिनिटं हात खाली सोडून बसायचं, मोबाईल पण हातात घ्यायचा नाही कारण तोही त्याच हातात असतो. मुंग्या येणं, रात्री हात बधिर होऊन जाग येणं, करंगळीच्या बाजूनं मनगट दुखणं, यातलं काहीही झालं तर त्या दिवशी बंद, आणि दोन-तीन दिवसांत कमी नाही झालं तर डॉक्टर. दोन हातवाल्यांना सांगतात की दुसऱ्या हातानं करा थोडे दिवस, आपल्याला ते कोणी सांगू शकत नाही.

कामच कमी करता येतं तेवढं करा. लांब मजकुराचा पहिला खर्डा मी बोलून घेते, मोबाईलवर जीबोर्डला मराठी बोलून टाइप होतं, गुगल डॉक्समध्येही होतं. विरामचिन्हं आणि नावं मात्र हातानं दुरुस्त करायची. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये स्वतःचे छोटे शब्द भरून ठेवा, माझ्याकडे 'मशा' लिहिलं की 'महाराष्ट्र शासन' होतं आणि 'आवि' लिहिलं की 'आपला विश्वासू', अशी दोनशेच्या वर आहेत, आठवड्याला चार-पाच वाढवत गेले. नवीन आहात तर आज तुम्ही सारखे लिहिता ते दहा शब्दसमूह कागदावर काढा आणि तेवढे भरा.

नोकरीत असाल आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, असेल तर कीबोर्ड, ट्रॅकबॉल, टेबलाची उंची हे मागायला लाजू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोय देण्याची तरतूद आहे, सरकारी आस्थापनांवर तर तसं बंधनच आहे. तोंडी सांगू नका, अर्ज द्या, त्यात वस्तूचं नाव आणि ती कशाला हवी ते दोन ओळींत लिहा, ऑक्युपेशनल थेरपिस्टचं पत्र जोडा.

काकांचे सहा आठवडे झाले. कीबोर्ड तोच जुना, वाकडा ठेवलेला, खाली ड्रॉवरची मॅट. परवा तलाठ्याला द्यायचा अर्ज त्यांनी स्वतः टाइप केला, पाऊण पान, मधे दोनदा चहाला उठून सव्वा तास लागला. मी विचारलं हात दुखतोय का, तर म्हणाले नाही. पुढच्या आठवड्यात ळ आणि क्ष घ्यायचेत, त्यांच्या गावाच्या नावात ळ आहे आणि तो अजून त्यांना बघितल्याशिवाय सापडत नाही.